बाळाची पहिली आंघोळ : घाई कसली?

(नवजात बालकांच्या कक्षात काम केलेल्या एका परिचारिकेने महिला मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या आजोबांनो,

बाळाला पहिली आंघोळ कधी घालायची, असं कुणी विचारलं की मी सांगते, उद्या. आज सकाळी जन्मलं असेल तर उद्या सकाळी. रात्री जन्मलं असेल तर परवा घातली तरी काही बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली हेच सांगितलं आणि २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं, की किमान २४ तास थांबा. घरच्या रीतीमुळे अगदीच जमत नसेल तर निदान ६ तास तरी. या ६ तासांची मला गंमत वाटते. जिनिव्हातल्या मुख्यालयात बसून लिहिणाऱ्यांनाही आपल्या सासूबाई ठाऊक आहेत म्हणायच्या!

थांबायचं का? पहिलं कारण थंडी. पोटात बाळ आईच्या उबेत असतं, बाहेर येतं ते ओलं. अंगावरचं पाणी उडून जाताना ऊब घेऊन जातं. कोरडं केलं नाही, पांघरलं नाही, तर पहिल्या १० ते २० मिनिटांत अंगाचं तापमान २ ते ४ अंश सेल्सिअसने उतरू शकतं. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो. नवजात बाळाला कुडकुडणं जमत नाही. त्याच्या खांद्यांच्या मध्ये, मानेपाशी, मूत्रपिंडांभोवती एक खास तपकिरी चरबी असते, ती जाळून ते ऊब तयार करतं. त्यात साखर खर्ची पडते, प्राणवायू जास्त लागतो. मग बाळ मलूल होतं, ओढून दूध पीत नाही. दूध नाही म्हणून साखर आणखी कमी, साखर कमी म्हणून ऊब कमी. नागपूरच्या मे महिन्यातही हे होतं बरं का, कारण तिथे कूलर लावलेला असतो.

काखेतलं तापमान ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट हवं. थर्मामीटर नसेल तर हाताची मागची बाजू आधी पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही उबदार, तर छान. पोट उबदार आणि पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार लागले तर बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरा, वरून पांघरा आणि दवाखाना गाठा.

दुसरं कारण, बाळाच्या अंगावरचा तो पांढरा, लोण्यासारखा थर. बघणाऱ्याला तो घाण वाटतो. जन्मल्याबरोबर खसाखसा पुसून काढायची आपली धडपड असते. तो काढायचा नाही. त्यात बरंचसं पाणी, थोडी चरबी, थोडी प्रथिनं आणि जंतूंना रोखणारे घटक असतात. तो अंगात आपोआप जिरतो. रक्त, शी वगैरे लागलं असेल तेवढं ओल्या फडक्याने टिपा आणि बाळ कोरडं करा. कोरडं करताना ओला झालेला कपडा मात्र लगेच बाजूला टाका. तोच बाळाभोवती गुंडाळून ठेवलेला मी कितीदा पाहिलाय.

तिसरं कारण मला सगळ्यांत आवडतं, ते म्हणजे वास. १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला होता. आईचा एक स्तन धुतला, दुसरा तसाच ठेवला आणि नुकतंच जन्मलेलं बाळ दोन्हींच्या मध्ये ठेवलं. ३० पैकी २२ बाळांनी न धुतलेला स्तन निवडला. बाळाच्या स्वतःच्या हातांना गर्भजलाचा वास असतो, तोही त्याला ओळखीचा. घाईने आंघोळ घातली की तो धुऊन जातो. पुढे अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या एका रुग्णालयाने पहिली आंघोळ १२ तास किंवा त्याहून उशिरा घालायला सुरुवात केली. २०१९ मध्ये त्यांनी आकडे दिले. रुग्णालयात असताना केवळ आईच्या दुधावर राहणारी बाळं ५९.८ टक्क्यांवरून ६८.२ टक्क्यांवर गेली. एका आंघोळीने सगळं घडलं असं मी म्हणणार नाही, पण आंघोळ पुढे ढकलायला पैसे तर पडत नाहीत!

मग ही घाई आली कुठून? सोयर पाळणाऱ्या घरात जन्माचं रक्तपाणी म्हणजे विटाळ, ते आधी धुवायचं. हे आपण आजींच्या माथी मारून मोकळे होतो. पण दवाखान्यांनी तरी वेगळं काय केलं? बाळ स्वच्छ धुऊन, पावडर लावून, गुंडाळून नातेवाइकांच्या हातात द्यायचं, ही आमचीच शिस्त होती. आजींना विटाळ दिसायचा, आम्हाला जंतू दिसायचे, बाळ दोघींच्या हातात गारठायचं. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली साधारण चौथा हिस्सा बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्के झालं. म्हणजे आता पहिल्या दिवसाचा निर्णय बहुतेक ठिकाणी आमच्या हातात आहे. घरी गेल्यावरची आंघोळ मात्र अजून घराच्याच हातात, आणि मला खरं बोलायचंय ते तिच्याबद्दल.

तेल-पाणी करायला येणारी बाई तुम्ही पाहिलीच असेल. पाटावर बसते, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचते, पाय लांब करते. बाळ नडग्यांवर. आधी पालथं, मग उताणं. तिचे पाय म्हणजे उबदार, हलणारा, घसरू न देणारा पाट. पाणी खालून निघून जातं, साचत नाही, त्यामुळे बाळ बुडायचा प्रश्न नाही. डोक्यावर तांब्या ओतताना डाव्या हाताचा तळवा कपाळावर आडवा धरते, डोळ्यांत थेंब जात नाही. मी प्रशिक्षणात कितीतरी बाहुल्यांना आंघोळ घातली, पण असा हात मला कुठल्याही वर्गात कुणी शिकवला नाही. नव्या मुली यूट्यूब बघून या बाईला काढून टाकतात, तेव्हा मला वाईट वाटतं. तिला काढू नका, तिच्याशी बोला.

काय बोलायचं ते सांगते. नाकात, कानात तेल नको. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. नाक चिमटून सरळ होत नाही, डोकं दाबून गोल होत नाही. ते आपलं आपण होतं. डाळीच्या पिठाने रगडून लव काढायची नाही, ती आपोआप झडते आणि कातडी मात्र सोलवटते. बेंबीला काही म्हणजे काहीच लावायचं नाही. हळद नाही, राख नाही, तेल नाही, पावडर नाही. कोरडी ठेवा, बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत नाळ पडते. भारतातून आई आणि नवजात बाळाचा धनुर्वात हटल्याचं २०१५ साली जाहीर झालं. त्यामागे लसीचा आणि स्वच्छ बाळंतपणाचा हात आहे, तो बेंबीवर राख टाकून मागे खेचायचा नाही. काजळ डोळ्यांत नको, त्यात शिसं असू शकतं. दृष्टीची तीट कानामागे लावा, माझी हरकत नाही. धुरी मात्र नकोच. ओवा, वेखंड, ऊद सगळं छान वासाचं असेल, पण त्या इवल्या फुप्फुसात धूर जातो, आणि शेगडीने भाजलेली बाळं आम्हाला पाहावी लागतात.

आणखी एक गोष्ट चारचौघांत बोलली जात नाही म्हणून मुद्दाम बोलते. मुलगा असो वा मुलगी, पहिल्या काही दिवसांत बाळाची छाती सुजल्यासारखी दिसते, कधी दुधासारखा थेंब येतो. आईच्या संप्रेरकांमुळे हे होतं. आंघोळीच्या वेळी ते पिळून काढायची पद्धत अजून आहे. त्याने गळू होतं, आणि मग त्या आठ-दहा दिवसांच्या जिवाला चिरा द्यावा लागतो. हात लावू नका, आपोआप ओसरतं. मुलींना पहिल्या आठवड्यात अंगावरून चार थेंब रक्त जाऊ शकतं, तेही त्याच कारणाने. घाबरू नका.

आता काय टिकवायचं ते. दिवसभरात बाळ पूर्ण उघडं, उजेडात, नखशिखांत कुणी बघत असेल तर ते आंघोळ घालणारीच. डॉक्टर टोचायला आणलं की दोन मिनिटं बघतात. आशाताई येते ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळ घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही. ही पद्धत देशभर २०११ पासून आहे, आणि तिची मुळं आपल्या गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणल्याचं १९९९ मध्ये जगासमोर मांडलं. त्या बायकांनी मोठी यंत्रं नाही वापरली. श्वास मोजले, ताप पाहिला, बाळाला उबेत ठेवलं. मग आपली तेल-पाणी करणारी बाई हे का नाही बघू शकणार? आंघोळीआधी बाळ खिडकीपाशी न्या, न्हाणीघराच्या पिवळ्या दिव्याखाली कावीळ दिसत नाही. पहिल्या २४ तासांतच पिवळं दिसलं, किंवा पुढे कधीही तळहात-तळपाय पिवळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना. टाळू खोल गेलीय की फुगलीय? बेंबीभोवती लाली? काखेत, जांघेत पुवाच्या पुटकुळ्या? शांत असताना मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास? आणि रोज लाथा झाडणारं बाळ आज तिच्या पायांवर ढिलं पडलंय का? हे तिला आईच्या आधी कळतं. तिने सांगितलं तर ऐका. कंबरेवर, कुल्ल्यांवर निळसर डाग दिसतील, त्यांना भिऊ नका. ते बाळंतपणात लागलेलं नसतं, काही वर्षांत फिकट होतात.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आधी आलेलं बाळ असेल तर हे सगळं बाजूला. त्याला पुसूनच काढायचं आणि आईच्या छातीशी ठेवायचं. आंघोळ डॉक्टर म्हणतील तेव्हा.

एक चिठ्ठी आलीय. ‘मुलगी न्यू जर्सीत आहे, पुढच्या महिन्यात बाळंत होईल, मी जाणार आहे. तिथे बाई नाही आणि माझे गुडघे दुखतात.’ मावशी, तिथल्या नर्सलाच सांगा, पहिली आंघोळ उद्या. बऱ्याच ठिकाणी हल्ली त्या स्वतःच थांबतात. घरी आणल्यावर नाळ पडेपर्यंत नुसतं पुसा. एकेक अवयव उघडा करायचा, पुसायचा, टिपायचा, झाकायचा. नंतर छोटा टब घ्या आणि तुमच्या कमरेच्या उंचीच्या भक्कम टेबलावर ठेवा, म्हणजे वाकायला नको. तळाला पंचा अंथरा, बाळ सटकणार नाही. पाणी चार बोटं पुरे. नळाखाली बाळ धरू नका, तिथलं गरम पाणी एकदम कढत येतं. पाणी टबात काढून, ढवळून, कोपर घालून बघा. पहिले काही आठवडे साबणाचीही गरज नाही. खोली उबदार, पंखा-एसी बंद, पाच मिनिटांत उरका. आधी डोकं पुसा, टोपडं घाला, मग अंग. आंघोळ दूध पाजल्यावर लगेच नको, दोन पाजण्यांच्या मध्ये घाला. झाली की आईकडे द्या. टॉवेल, कपडे, लंगोट सगळं आधीच हाताशी घ्या, कारण एक हात बाळावरून उठवायचा नाही. मधेच इकडून आमचा फोन आला तर वाजू द्या.