देव दिसला तरी नमस्कार नाही! गेम ऑफ थ्रोन्समधले नास्तिक

राम राम मंडळी, कसं काय, बरंय ना सगळं? इकडे जळगावात रात्रीचे अकरा वाजले तरी कूलर गरम हवाच फेकून राहिला, आणि चालू ठेवला तर माईकमध्ये त्याचीच घरघर येते, म्हणून बंद करून बसलोय. घाम दिसला तर सांभाळून घ्या. आज विषय आहे गेम ऑफ थ्रोन्समधले देव, आणि खास करून तिथले देव न मानणारे लोक. स्पॉयलर आहेत, सिरीजचे पण आणि पुस्तकांचे पण. सिरीज 2019 ला संपली भो, आता तरी तक्रार करू नका.

तर बघा, आपल्याकडे नास्तिक माणसाचं काम तसं सोपं असतं. तो म्हणतो चमत्कार दाखव, समोरच्याला दाखवता येत नाही, विषय संपला. पण वेस्टेरॉसमध्ये, म्हणजे गोष्टीतल्या त्या मुलखात, चमत्कार समोर उभा राहतो ना! मेलेला माणूस उठून बसतो, बाई सावलीला जन्म देते आणि ती सावली तंबूत शिरून रेन्लीचा, म्हणजे राजा म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाचा, जीव घेते. मग अशा जगात एखादा म्हणत असेल की मी देव मानत नाही, तर तो नेमकं काय म्हणून राहिला? माझं म्हणणं असं की तिथल्या नास्तिकांचं भांडण देव आहे का नाही याच्यावर नाहीच. त्यांचं म्हणणं, असशील बाबा, पण मी तुला हात जोडणार नाही.

धर्म कोणते ते पटकन सांगतो. उत्तरेत जुने देव, ज्यांना ना पोथी ना पुजारी, फक्त चेहरा कोरलेलं पांढरं झाड. दक्षिणेत सप्तदेव, म्हणजे एकाच देवाची सात रूपं: बाप, आई, योद्धा, कुमारिका, लोहार, म्हातारी आणि सातवा तो अनोळखी, म्हणजे मरण. लोहबेटांवर बुडालेला देव. आणि समुद्रापलीकडून आलेला ऱ्हलोर, आगीचा देव, ज्याची लाल झग्यातली पुजारीण मेलिसांद्रे तुम्हाला माहीतच आहे. लेखक मार्टिन कॅथलिक घरात वाढला, आता स्वतःला नास्तिक किंवा अज्ञेयवादी म्हणतो, आणि ती सातात एकची आयडिया ख्रिश्चनांच्या पिता-पुत्र-पवित्र आत्मा यावरून घेतली हे त्यानेच सांगितलंय. ऱ्हलोरमध्ये पारशी धर्माची छटा आहे, उजेड विरुद्ध अंधार.

आता माझा आवडता माणूस, स्टॅनिस, त्या रेन्लीचा मोठा भाऊ, हा पण राजगादीवर हक्क सांगणारा. सिरीजने त्याला फार कोरडा दाखवलाय, पुस्तकात जास्त कळतो. लहानपणी तो आणि त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट किल्ल्यावरून बघत होते, आईबाप जहाजातून परत येत होते, आणि अगदी घरासमोरच्या खाडीत, डोळ्यांदेखत, ते जहाज वादळात फुटलं. आईबाप गेले. वाचला कोण, तर त्या जहाजावरचा विदूषक, तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला आणि त्याचं पण डोकं फिरलेलं. स्टॅनिस म्हणतो त्या दिवसापासून देव बंद, जे देव माझ्या आईबापाला असे बुडवतात त्यांची पूजा मी करणार नाही. बघा, देव नाहीत असं तो म्हणालाच नाही! तो देवांवर खटला चालवून राहिला.

आणि मग हाच माणूस आगीच्या देवाचा झेंडा घेऊन युद्धाला निघतो, ते कसं काय? त्याचं उत्तर तो स्वतः दावोसला, म्हणजे त्याच्या भरवशाच्या माणसाला, देतो. लहानपणी त्याला एक जखमी ससाणा सापडला, त्याने जपला, खाऊ घातला, बरा केला. तो पक्षी खांद्यावर बसायचा, घरभर मागे फिरायचा, पण झाडाच्या शेंड्यावर कधी उडालाच नाही. रॉबर्ट चिडवायचा. शेवटी घरातला एक म्हातारा म्हणाला, पोरा, हसं होऊन राहिलं तुझं, दुसरा पक्षी घे. आता मोठा झालेला स्टॅनिस म्हणतो, त्या सात देवांनी मला एक चिमणी पण कधी आणून दिली नाही, तेव्हा आता दुसरा ससाणा वापरून बघू, लाल रंगाचा. म्हणजे श्रद्धा काडीची नाही! निकाल पाहिजे फक्त.

आपल्या खान्देशवाल्यांना हे समजायला अवघड जायला नको. चैत्रात धुळ्याकडून मालेगावच्या रस्त्याने वणीच्या गडाला पायी जाणाऱ्यांची रांग लागते, तुम्ही पण गेले असाल, किंवा रस्त्याला उभं राहून पाणी तरी वाटलं असेल. त्या रांगेत नवसवाले असतात, पोरगं झालं, बोअरला पाणी लागलं, माय तुझा नवस फेडायला आलो. आणि काही असे असतात की ज्यांनी काहीच मागितलेलं नसतं, दरवर्षी जायचं म्हणून जातात, का जातो विचारलं तर तुमच्याकडेच बघत राहतात. स्टॅनिस हा शंभर टक्के नवसवाला, तो पण असा की ज्याला देवीशी घेणंदेणं नाही, फक्त काम होण्याशी मतलब. आणि अशा माणसाचा नवस वाढत जातो. सिरीजमध्ये पाचव्या सीझनला, बर्फात अडकलेलं सैन्य सुटावं म्हणून, तो स्वतःची पोरगी, शिरीन, आगीच्या देवासाठी जाळायला देतो. सगळ्यात वाईट काय माहितीये? बर्फ वितळतो! काम होतं! आणि सकाळी बघतो तर अर्धं सैन्य रात्रीच पळालेलं, बायकोने फास घेतलेला. (पुस्तकात ही घटना अजून आलेली नाही.) आणि फँटसी आहे म्हणून सोडून देऊ नका, आपल्याकडे 2013 ला जो जादूटोणाविरोधी कायदा झाला त्याच्या नावात पहिलाच शब्द नरबळी आहे, महाराष्ट्रानंतर लगेच.

बरं, आता हाउंड. सँडर क्लिगेन, राजपुत्राचा अंगरक्षक. लहानपणी एका खेळण्यावरून मोठ्या भावाने त्याचं तोंड निखाऱ्यात दाबलं, आणि त्याच भावाला पुढे पवित्र तेल लावून, सात देवांच्या नावाने सरदारकी मिळाली. यानंतर तो पोरगा देव मानेल का? तो सान्साला, म्हणजे स्टार्क घराण्यातल्या पोरीला, तोंडावर सांगतो, खरे सरदार नसतात आणि देव पण नसतात.

आणि मार्टिनची गंमत बघा, याच माणसाला देवाच्या कोर्टात उभं केलं. आगीच्या देवाला मानणाऱ्या बंडखोरांनी गुहेत पकडून आणलेला, सान्साची धाकटी बहीण आर्या ओरडून सांगते याने खाटकाच्या पोराला, मायकाला, मारलं. मारलं हे खरंच आहे, तो नाकारत पण नाही, राजपुत्रावर हात उचलला म्हणून हुकूम होता म्हणतो. मग ठरतं की द्वंद्व होईल, निकाल आगीचा देव देईल. समोर त्या बंडखोरांचा म्होरक्या बेरिक, हातात जळती तलवार, आणि हाउंडला जगात एकाच गोष्टीची भीती, आग! ढाल पेटते, हात भाजतो, माणूस घाबरून ओरडतो, आणि तरी शेवटी बेरिकची तलवार तुटते आणि हाउंडचा वार खांद्यातून छातीपर्यंत जातो. म्हणजे देवाच्या कोर्टाने नास्तिकाला, तो पण कबूल गुन्हेगार, निर्दोष सोडलं. आर्या रडून राहिली, तिला न्याय कुठे मिळाला? आणि हे संपत नाही तोच त्यांचा पुजारी थोरॉस प्रार्थना म्हणतो आणि मेलेला बेरिक उठून उभा! एकाच सीनमध्ये देवाची पॉवर पण सिद्ध आणि देवाचा न्याय पण फेल. मला तर पूर्ण सिरीजमध्ये याच्याएवढा भारी सीन दुसरा वाटत नाही, तुम्ही ड्रॅगन घेऊन बसा.

थोरॉसचं पण तसंच, पुजारी कसला, दारुडा होता, श्रद्धा कधीच संपलेली. मेलेल्या मित्रासाठी पाठ असलेला विधी केला आणि तो जिवंत झाला. ज्याचा विश्वास नाही त्याच्या हातून पहिला चमत्कार! आणि व्हॅरिस, दरबारातला हेरांचा प्रमुख, लहानपणी एका मांत्रिकाने त्याचं गुप्तांग कापलं, ते आगीत टाकलं, आणि आगीतून कोणीतरी उत्तर दिलं. व्हॅरिसने तो आवाज स्वतःच्या कानाने ऐकलाय, आणि ऐकलाय म्हणूनच त्याला जादू आणि जादूवाले दोन्ही नकोत.

आता याच्या उलटी बाजू घ्या, इथे लोक घाई करतात. सप्तदेवांचा धर्म, त्याच्यात पूर्ण गोष्टीत एक पण चमत्कार नाही. शून्य. आणि तरी दक्षिणेतली सगळी जनता त्यांचीच! लाल देव मेलेले उठवतो तर वेस्टेरॉसमध्ये त्याच्या मागे मूठभर. युद्धात गावं जळाली तेव्हा लोक अनवाणी राजधानीत आले, त्यांच्यातूनच तो हाय स्पॅरो, त्या धर्माचा नवा प्रमुख, उभा राहिला. राणी सर्सीला वाटलं याला वापरून घेऊ, पुस्तकात तर राज्यावर धर्मपीठाचं 900000 च्या वर सोन्याच्या नाण्यांचं कर्ज होतं, ते माफ करून घेतलं आणि बदल्यात त्यांना परत हत्यारं धरायची परवानगी दिली, आणि मग तेच तिला तुरुंगात घालून बसले. हाय स्पॅरोला कोणती जादू लागली नाही, भुकेले लोक पुरले.

पण त्याच धर्मात सेप्टन, म्हणजे पुजारी, मेरिबाल्ड पण आहे, सिरीजवाल्यांनी याला घेतलाच नाही असं समजा, आणि मला त्याचा राग आहे. चौथ्या पुस्तकात येतो. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या गावांतून अनवाणी फिरतो, सोबत कुत्रा, त्याचं नाव पण कुत्राच. लिहितावाचता येत नाही, शंभरेक प्रार्थना पाठ. याला देवाने कधीच काही दिलेलं नाही आणि याने मागितलेलं पण नाही. गडाच्या रांगेतला तो दुसरा माणूस आठवा. नास्तिक लेखकाने लिहिलेला सगळ्यात चांगला भक्त हा आहे आणि मार्टिन त्याची टिंगल एका ओळीत पण करत नाही.

शेवटचा जॉन स्नो, हा पण स्टार्क घराण्यात वाढलेला, त्याच्याच माणसांनी सुरे खुपसून मारलेला. सिरीजमध्ये तो उठतो, मेलिसांद्रे अधीर होऊन विचारते, मेल्यावर काय बघितलं? तो म्हणतो, काहीच नाही. बेरिकने पण तिला आधी हेच सांगितलेलं, पलीकडे फक्त अंधार. म्हणजे ज्या देवाने यांना परत आणलं त्याच्याकडे स्वर्ग दाखवायला नाही! मेलिसांद्रेचा चेहरा बघा त्या सीनमध्ये, पॉज करून बघा.

पुस्तकात मात्र जॉन अजून भिंतीपाशी बर्फात सुऱ्यांचे वार खाऊन पडलेला आहे, पाचवं पुस्तक 2011 चं, तिथेच सोडलाय त्याला. माझा अंदाज, पुस्तकात तो "काहीच नाही" म्हणणार नाही. पुस्तकात स्टार्क पोरांचा जीव लांडग्यात जाऊ शकतो हे मार्टिनने आधीच पेरून ठेवलंय, म्हणजे मेल्यावर जॉन घोस्टच्या, म्हणजे त्याच्या लांडग्याच्या, आत असेल, आणि उठल्यावर मेलिसांद्रेला सांगायला त्याच्याकडे असेल रक्ताचा वास आणि कच्चं मांस, आग नाही आणि देव पण नाही. पटत नसेल तर खाली लिहा, शिव्या अहिराणीत दिल्या तरी चालतील.