चव सांगायचा मान कुणाला?

नमस्कार श्रोतेहो. मटणाच्या ताटाबद्दल मत नाही असा माणूस कोल्हापुरात शोधावा लागेल. पण मोबाईलवर मतं फिरतात कुणाची? गाडी बाजूला लावून, तांबडा रस्सा ओरपत 'नाद खुळा' म्हणणारी बहुतेक तरुण पोरंच. बाई दिसलीच तर भाकरी थापताना. ताट कसं जमलंय, हे तिला कोण विचारतो?

जेवणारा कोण, यावर हॉटेलही बदलतं. न्यूयॉर्क टाइम्स या अमेरिकन वर्तमानपत्राच्या हॉटेल-समीक्षक रूथ रायशल १९९३ मध्ये 'ल सर्क' या बड्या हॉटेलात वेश बदलून गेल्या. अनोळखी साधी बाई बघून त्यांना ताटकळत ठेवलं, टेबलही आडबाजूचं दिलं. पुढं त्या कोण आहेत हे कळल्यावर मालक म्हणाले, स्पेनचे राजे थांबलेत, पण तुमचं टेबल तयार आहे! बशीतल्या रासबेरीसुद्धा अचानक मोठ्या झाल्या. रायशल यांनी दोन्ही अनुभव शेजारीशेजारी छापले आणि हॉटेलच्या मानांकनातला एक तारा कमी केला. कायम मान मिळणाऱ्या साहेबाला यातलं पहिलं जेवण लिहिताच आलं नसतं. ते त्याच्या पुढ्यात कधी आलंच नसतं.

त्याच वर्तमानपत्रानं २०२५ मध्ये मुख्य समीक्षक म्हणून दोघींना नेमलं. तेजल राव भारतीय वंशाच्या, तर लिगाया मिशान यांची आई फिलिपिनो. आशियाई मुळं असलेल्या बायकांपर्यंत हा मान यायला तिथंही इतका वेळ लागला.

आपल्याकडं यात जात येते, धर्म येतो. गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गृहस्थांनी शाहू महाराजांच्या पाठबळावर कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं. तिथं चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः गाडी थांबवून चहा मागवत आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजत. चहा चांगला आहे, हे चारचौघांत पिऊन सांगण्यात किती ताकद असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज 'अस्सल कोल्हापुरी' कशाला म्हणायचं, हे ठरवताना बागवान गल्लीतल्या मुस्लिम घराला किंवा जैन, लिंगायत घरातल्या आजीला आपण विचारतो का? पांढऱ्या रश्श्यात खसखस कमी पडली, हे खानावळीत वाटण वाटणारी मावशी नुसत्या वासावर सांगेल. व्हिडिओ करणाऱ्या पोरांनो, पुढच्या वेळी तिला शेजारच्या हॉटेलात जेवायला न्या. बिल तुम्ही भरा आणि माइक तिच्याकडं द्या.