बाळाचा श्वास मोजणाऱ्या बाया

श्रोतेहो, नमस्कार.

तान्ह्या बाळाचे श्वास मोजणं सोपं वाटतं. पण एकदा मोजून बघा. बाळ चुळबुळ करतं, मध्येच उसासा टाकतं, क्षणभर थांबतं आणि मग भराभर चार श्वास घेतं. अंगावरचं दुपटं जरा बाजूला करायचं, नजर पोटावर ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही. 60 किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचं. पुन्हा तेवढेच भरले, तर बाळ धोक्यात आहे.

आता ज्या बाईला 60 पर्यंत आकडेच येत नाहीत, तिनं काय करायचं? गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली, तेव्हा त्यांच्यासमोर हा प्रश्न उभा होता. त्यांनी एक साधं यंत्र बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी ओवलेले मणी, त्यांतला शेवटचा लाल. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. ज्यांना जेमतेम दहापर्यंत मोजता येत होतं, अशा सुईणी त्यावर निदान करायला लागल्या.

मी कितीतरी वर्षं गावोगावच्या आशाताईंना शिकवत आले. त्यामुळे आज मला बोलायचं आहे ते एवढ्यासाठीच, की असा शोध एका ठिकाणी लागतो तेव्हा तो शेजारच्या तालुक्यात, शेजारच्या राज्यात पोहोचतो कसा? आणि पोहोचता पोहोचता त्यातलं काय गळून पडतं?

गडचिरोलीचीच गोष्ट पुढे सांगते. ‘सर्च’नं 1993 पासून 39 गावांमध्ये जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या वेळी हजार जिवंत जन्मांमागे 62 बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. बाळंतपणं घरीच व्हायची. पहिलं पिवळं घट्ट दूध, म्हणजे चीक, पिळून फेकायचे. बाळ गार पडलेलं कुणाच्या लक्षात येत नसे. दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं, तरी बहुतेक आईबाप नेत नसत. रस्ता नाही, पैसा नाही, आणि एवढंसं बाळ घराबाहेर काढायची रीत नाही.

म्हणून उपचारच घरापर्यंत न्यायचं ठरलं. गावातल्याच चार बुकं शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला कसं सांभाळायचं, हे सगळं त्या शिकल्या. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जंतुसंसर्ग ओळखायला शिकल्या. रडणं मंद झालं, दूध ओढत नाही, हातपाय ढिले पडले, पोट फुगलं, बेंबीत पू आला, अशी सात लक्षणं होती. सातपैकी दोन एकत्र दिसली की उपचार सुरू करायचा. आईबापांची संमती घेऊन त्या जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा देत. तीन वर्षांत मृत्यूंचा तो 62 चा आकडा 25 च्या आसपास आला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. दर बाळामागे खर्च होता साधारण पाच डॉलर, म्हणजे त्या वेळचे दोनशे-सव्वादोनशे रुपये.

या दोनशे रुपयांपाशी मला जरा थांबायचं आहे. आरोग्याच्या खर्चाला आपण अजून ‘पैसा गेला’ असंच म्हणतो. पण धानाच्या रोवणीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा त्या तीन-चार आठवड्यांत असतो. तेव्हा बाळ आजारी पडलं, तर आईची मजुरी बुडते, बापाची बुडते, गाडीभाडं जातं. पायातल्या तोरड्या गहाण पडतात, आणि पडल्या की सहसा सुटत नाहीत. वेळेवर मोजलेला एक श्वास हे सगळं अडवतो. शिवाय मोजणारी बाई त्याच गावची, तिला मिळालेला पैसा गावातच फिरतो. एखाद्या जिल्ह्याची आर्थिक प्रगती मोजताना आपण कारखाने मोजतो. ह्या न मोडलेल्या तोरड्या कुणी मोजत नाही, त्याही मोजायला हव्यात.

आता हे पसरलं कसं? आधी महाराष्ट्रातल्याच सात संस्थांनी आपापल्या भागात, खेड्यांत आणि शहरी वस्त्यांतही, ते करून पाहिलं. गडचिरोलीत चाललं म्हणजे सगळीकडे चालेल, असं कुणी गृहीत धरलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तिथेही बाळमृत्यू निम्म्याच्या आसपास उतरले. उत्तर प्रदेशात शिवगडला आणि बांगलादेशात सिल्हेटला तिथल्या लोकांनी आपापल्या रीतीरिवाजांप्रमाणे घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन पाहिली, तिथेही बाळं वाचली. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं घरभेटींची शिफारस केली. 2011 मध्ये भारत सरकारनं हे काम देशभरातल्या आशाताईंकडे सोपवलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा घरभेटी, घरी झालं तर सात. बेचाळीस दिवसांच्या या भेटींचा मोबदला अडीचशे रुपये.

आनंदाचीच गोष्ट आहे ही. पण वाटेत गळालं तेही सांगायला हवं. आशाताईला इंजेक्शन द्यायची परवानगी मिळाली नाही. 2014 मध्ये ती नर्सबाईंना, म्हणजे एएनएमना मिळाली. सावधगिरी मी समजू शकते. पण एका नर्सबाईकडे पाच-सहा गावं असतात, आणि नाल्याला पूर आला की ती पलीकडे अडकते. आशा मात्र रात्री दोन वाजताही गावातच असते.

दुसरं गळालं ते शिकवणं. नियमाप्रमाणे हे प्रशिक्षण वीस दिवसांचं आहे, पाच-पाच दिवसांचे चार टप्पे. एका जिल्ह्यात मी एका टप्प्याला गेले होते. कोंदट हॉल, साठेक बाया, आणि शिकायला टेबलावर दोन प्लास्टिकच्या बाहुल्या. श्वास मोजायचा धडा आला. बाहुली श्वास घेत नाही. बायांनी वहीत लिहून घेतलं, ‘60 किंवा जास्त म्हणजे धोका’, आणि प्रशिक्षण झालं म्हणून सह्या केल्या. त्या दिवशी मी रात्रभर झोपले नाही.

म्हणून माझं आग्रहाचं मागणं एकच आहे. नवी गोष्ट पसरवायची असेल तर परिपत्रकाबरोबर माणूसही पाठवा. ज्या तालुक्यातल्या बाया हे दहा वर्षं करताहेत, त्यांना शेजारच्या तालुक्यात शिकवायला न्या, आणि त्यांच्या दिवसाची पूर्ण मजुरी द्या. ज्यांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागतं, त्यांच्याकडून हे फुकट मागू नका. वैद्यकीय महाविद्यालय, जिल्हा रुग्णालयातला नवजात बाळांचा कक्ष, तिथल्या संस्था आणि ग्रामपंचायत यांना महिन्यातून एकदा एकत्र बसवा. कुठलं बाळ कुठे आणि का गेलं, एवढंच बोलू द्या. आणि राज्याच्या सीमेपाशी अडू नका. गडचिरोलीच्या पलीकडे छत्तीसगडमध्ये 2002 पासून मितानीन आहेत, म्हणजे तिथल्या आशाताईच. दोन्हीकडे गोंडी बोलतात, सोयरिकी दोन्हीकडे होतात. बाळाच्या धोक्याच्या लक्षणांचा तक्ता गोंडीत एकदा नीट झाला, तर दोन्ही राज्यांच्या बायांना तो वापरता यायला हवा.

हे जमतं, श्रोतेहो. त्या बाहुल्यांच्या प्रशिक्षणानंतर आम्ही पुढच्या टप्प्यात बायांना ग्रामीण रुग्णालयाच्या बाळंतिणींच्या खोलीत नेलं. शेजारच्या तालुक्यातून एक जुनी आशाताई बोलावली. तिनं आधी हात धुतले, बाळाच्या आईला विचारलं, मग दुपटं जरा सारलं आणि नव्या पोरीला जवळ बसवलं. दोघी ओठ हलवत मोजत होत्या. मिनिट संपलं तेव्हा पोरगी म्हणाली, चव्वेचाळीस. ताई म्हणाली, माझे सेहेचाळीस. चल, परत मोजू.