टायर काळाभोर दिसावा, पण रबर मरू नये

दसऱ्याच्या आधी कुठल्याही वॉशिंग सेंटरला बघा, गाड्यांची रांग पार रस्त्यावर आलेली असते. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची, हार घालायचा, त्याआधी फोम वॉश, व्हॅक्युम, आणि सगळ्यात शेवटी एक पोरगा स्पंज घेऊन येतो, डब्यात बुडवतो आणि चारही टायरवरून सरसर फिरवतो. करडे पडलेले टायर बघता बघता काळेभोर. आता त्या डब्यात नक्की काय असतं, हे आपल्यापैकी जवळजवळ कुणीच विचारत नाही. या व्हिडिओत आपण त्या डब्यातच डोकावणार आहोत.

त्याआधी टायर काळा का असतो ते बघू. रबर मुळात काळं नसतंच. केरळात रबराच्या झाडाला चीर देऊन जो चीक काढतात तो दुधासारखा पांढरा असतो, आणि अगदी सुरुवातीच्या मोटारींचे टायरसुद्धा फिकट, पांढरट असायचे. 1910 च्या दशकात कंपन्या रबरात कार्बन ब्लॅक घालायला लागल्या, म्हणजे एक प्रकारची बारीक काजळीच, आणि टायर एकदम कणखर झाला, कितीतरी जास्त चालायला लागला, वर उन्हातले अतिनील किरण शोषून घ्यायचं कामही ही काजळीच करते. म्हणून नवा टायर काळा असतो तो आतपर्यंत काळा असतो.

पण उन्हाहूनही वाईट आहे तो हवेतला ओझोन. वर आकाशात तो आपल्याला वाचवतो वगैरे शाळेत शिकलोय आपण, पण खाली रस्त्यावरच्या हवेतही तो थोडा असतो, आणि रबराच्या रेणूंची साखळी तो तोडत जातो. जिथे रबर ताणलेलं असतं तिथे आधी. म्हणून टायरला बारीक भेगा पडतात त्या बहुतेक वेळा बाजूला, साइडवॉलवर, जिथे टायर सतत दबतो आणि फुगतो. घरी बघायचं असेल तर एक रबर बँड ताणून गॅलरीत खिळ्याला अडकवून ठेवा, काही दिवसांनी त्याच्याकडे नीट निरखून बघा.

टायर कंपन्यांना हे फार आधीपासून माहीत आहे, म्हणून औषध त्या टायरच्या आतच घालून देतात. एक असतं मेण, आणि दुसरं ओझोनला अडवणारं रसायन, त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं म्हणजे 6पीपीडी. गाडी चालते, टायर दबतो, तसं हे दोन्ही हळूहळू आतून पृष्ठभागावर येत राहतात आणि एक पातळ थर बनतो, लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा थर असतो ना, हवा आत जाऊ देत नाही, तसंच. म्हणूनच सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी कमी चालूनही तिच्या टायरला भेगा पडतात, कारण टायर हललाच नाही तर हे औषध वर यायचंच मंदावतं.

आणि तो टायरवरचा तपकिरी थर, जो बघून आपल्याला वाटतं की टायर जुना झाला, तो पुष्कळदा हेच रसायन असतं, काम करून झालेलं, ओझोनशी भिडून तपकिरी पडलेलं. तो थर शॅम्पूने आणि ब्रशने साफ करायला काहीच हरकत नाही, आतून नवं येतच असतं. फक्त ते आतलं रसायन आपण स्वतःहून ओढून बाहेर काढायचं नाही.

आता डब्याकडे येऊ. बाजारात टायर पॉलिश म्हणून जे मिळतं त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक पारदर्शक, तेलकट, थोडा रॉकेल किंवा थिनरसारखा वास येणारा. याच्यात सिलिकॉनचं तेल असतं आणि ते पातळ करायला पेट्रोलियमपासून काढलेलं सॉल्व्हंट. लावल्या लावल्या आरशासारखी चमक येते, शोरूममधल्या गाडीलाही नसेल अशी. दुसरा दुधासारखा पांढरा, पातळ किंवा लोशनसारखा, वास जवळपास नसतो किंवा वरून सेंट घातलेला असतो. हा पाण्यावरचा. याची चमक कमी, टायर नवा असताना जसा दिसतो साधारण तसा दिसतो, आणि पावसात लवकर जातो.

सॉल्व्हंट रबराला काय करतं हे समजायला केमिस्ट्री नको, पंक्चरवाल्याकडे जा. ट्यूबला पॅच लावायच्या आधी तो जे सोल्युशन बोटाने फासतो, त्यात काय असतं? कच्चं रबर, तशाच पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं. कच्चं रबर त्यात चक्क विरघळतं. टायरचं रबर गंधक घालून पक्कं केलेलं असतं, 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरने शोधलेली ती प्रक्रिया, त्यामुळे ते विरघळत नाही, पण फुगतं. एक रबर बँड थोडा वेळ पेट्रोलमध्ये टाकून बघा (घरात नाही, गॅसपासून लांब, मोकळ्यावर), कसा फुगून ढिला होतो. टायरवर अर्थात एवढं होत नाही, थर पातळ असतो आणि सॉल्व्हंट उडून जातं. पण उडून जाताना ते पृष्ठभागावरचं मेण आणि ते औषध सैल करतं, पुढच्या धुण्यात ते निघून जातं, मग परत पॉलिश, परत तेच, दर आठवड्याला. वर आपल्याकडचा एप्रिल-मे, नागपूर-चंद्रपूरचं ऊन.

सिलिकॉनबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण ऑनलाइन सरसकट लिहिलेलं असतं की सिलिकॉन म्हणजे विष. तसं नाहीये. पाण्यावरच्या बऱ्याच पॉलिशमध्येही सिलिकॉन असतंच, आणि सिलिकॉन तेल टायरच्या रबरात जवळपास मुरतच नाही, ते वरच बसतं. माझ्या मते खरा वैरी त्याच्यासोबत येणारं सॉल्व्हंट आहे. मात्र हेही सांगायला पाहिजे की मिशेलिन या टायर कंपनीने मोटारहोमवाल्यांसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांसाठी, काढलेल्या टायर-गाइडमध्ये पेट्रोलियम, अल्कोहोल किंवा सिलिकॉन, यांतलं काहीही असलेल्या पॉलिशपासून सावध केलंय, त्याने भेगा पडू शकतात आणि टायर लवकर म्हातारा होऊ शकतो म्हणून. तेव्हा ज्यांना एक टक्काही रिस्क नकोय त्यांनी नुसतं धुवावं, टायर काही वाईट दिसत नाही. (आणि गाडी पेंटिंगला द्यायची असेल तर बॉडीवर कुठेही सिलिकॉन उडालेलं नको, रंगाला बारीक खड्डे पडतात, पेंटरला विचारा, तो वैतागून सांगेल.)

मग दुकानात उभं राहून ओळखायचं कसं? लेबल वाचा. पेट्रोलियम डिस्टिलेट, नॅफ्था, मिनरल स्पिरिट असले शब्द दिसले, किंवा आगीचं चिन्ह दिसलं, की ठेवून द्या. स्प्रेच्या कॅनवर आगीचं चिन्ह आतल्या गॅसमुळेही असतं, पण स्प्रे तसाही नकोच, निम्मा रिमवर आणि ब्रेकवर जातो. लेबल नसेल, वॉशिंग सेंटरचा पाच लिटरचा कॅन असेल, तर एक साधी टेस्ट आहे. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका आणि ढवळा. पाणी दुधाळ होऊन सगळं एकजीव झालं तर पाण्यावरचं. वर तेलासारखं तरंगत राहिलं तर त्या माणसाला सरळ सांगा, दादा, टायरला काही लावू नका, नुसते धुवा.

आणि घरगुती उपाय. डिझेल, जळकं ऑइल, खोबरेल. हे अजून चालू आहे, ट्रकवर, ट्रॅक्टरवर, रिक्षावर, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं कारण ट्रकच्या टायरमध्ये तर नैसर्गिक रबर जास्त असतं आणि ते तेलाने फुगतं. जळक्या ऑइलमध्ये इंजिनची झिजलेली धातूची कणी असते, काजळी असते, ते हाताला लागतं, जमिनीत जातं. खोबरेल निरुपद्रवी वाटतं, पण खायची तेलंही नैसर्गिक रबर मऊ पाडतात, शिवाय धूळ अशी चिकटते की दोन दिवसांत टायर आधीपेक्षा घाण.

लावायची पद्धत पॉलिशइतकीच महत्त्वाची. टायर थंड हवा, गाडी सावलीत हवी. शॅम्पू आणि ताठ ब्रश, फेस तपकिरी यायचा थांबून पांढरा येईपर्यंत घासायचं, इथे बहुतेक लोक कंटाळा करतात आणि मग घाणीवरच पॉलिश बसतं. पूर्ण वाळू द्या. मग स्पंजवर थोडंसं घेऊन फक्त साइडवॉलवर पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं थांबून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. जास्तीचं पुसलं नाही तर चाक फिरल्यावर त्याचे शिंतोडे मडगार्डवर आणि दरवाजावर उडतात, पांढऱ्या गाडीवर तर लगेच दिसतात.

जो भाग रस्त्याला टेकतो, नक्षीचा, तिथे काहीही लावायचं नाही. आणि बाइक किंवा स्कूटर असेल तर टायरला पॉलिश अजिबात नको, कुठलंच, पाण्यावरचं सुद्धा. वळणावर बाइक झुकते तेव्हा टायरची कडच रस्त्यावर येते, आणि पॉलिश थोडं जरी ब्रेकच्या डिस्कवर गेलं तरी ब्रेक नीट लागत नाही. सर्व्हिसिंगला गाडी देताना हे आधीच सांगून ठेवा, कारण बरेच जण न विचारता, कौतुकाने, पूर्ण टायर चकाचक करून देतात.

शेवटचं, चकचकीत टायर म्हणजे चांगला टायर असं नाही. पॉलिशखाली बारीक भेगा लपतात, म्हणून सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर आधी टायर ओल्या फडक्याने पुसा. साइडवॉलवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, टायर कधी बनला ते सांगणारे, 2319 असेल तर 2019 सालचा 23 वा आठवडा. पाच वर्षं उलटली की दरवर्षी टायरवाल्याला दाखवा, दहा वर्षं झाली की नक्षी शाबूत असली तरी बदला. आणि हा आकडा बघताना डिकीतली स्टेपनी बाहेर काढा, ती बरेचदा गाडीइतकीच जुनी असते.