कंबरेतल्या गादीचं ऑपरेशन: ओपन की दुर्बिणीचं?

(दृश्य: बांबोळी. सकाळची ओपीडी, बाहेर कदंबा बस थांबते.)

गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत सकाळी गेलात, तर एमआरआयची मोठी पिशवी सांभाळत आलेली माणसं दिसतील. त्यांतली काही बाक रिकामं असूनही बसत नाहीत, भिंतीला टेकून उभी राहतात. बसलं की कळ नितंबातून मांडीमागून पोटरीत आणि तिथून पावलात उतरते. कोणी वर्षानुवर्षं डिचोलीकडे खनिजाचा ट्रक चालवलेला, कोणी म्हापशातला पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, कोणी सत्तरी तालुक्यात काजूच्या हंगामात दिवसभर वाकून बोंडू वेचणारी. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं की यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला: टाके किती पडतील?

माझ्या मते हा प्रश्न तिसरा किंवा चौथा हवा.

(दृश्य: मणक्याचं मॉडेल.)

दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट कडं असतं आणि आत मऊ गर. कडं चिरलं की गर मागे सरकतो आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब देतो. बहुतेकदा हे कंबरेच्या सगळ्यात खालच्या दोन गाद्यांत होतं. दुखणं नुसत्या दाबाचं नसतं. बाहेर आलेल्या गरामुळे नस सुजते. पुढे शरीर तो गर हळूहळू शोषून घेतं. त्यामुळे बरेच रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनविना सुधारतात.

म्हणून पहिला प्रश्न: ऑपरेशन हवंच का? नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या, म्हणजे नस दबून पायात उतरणाऱ्या कळेच्या २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं ऑपरेशन लवकर केलं, उरलेल्यांना थांबवलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर गेली. वर्षाअखेरीस मात्र दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावंच लागलं, हेही सांगायला हवं.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर. दिवे लागतात.)

आता चिरेकडे येऊ. गादीच्या या ऑपरेशनची वाट १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी मोकळी केली. तेव्हा मणक्याची मागची कमान बरीच काढली जाई. आजचं ओपन ऑपरेशन तसं राहिलेलं नाही. तीन ते पाच सेंटीमीटरची चीर, स्नायू हाडावरून सोडवायचा, कमानीचा छोटा तुकडा काढायचा, नस हळूच बाजूला धरायची आणि सुटलेला गर चिमट्यात पकडायचा. १९७७ पासून सूक्ष्मदर्शक आला, चीर आणखी आखूड झाली. सूक्ष्मदर्शकाखालचं हे ऑपरेशन बाकीच्या पद्धती ज्याच्याशी ताडून बघतात ते माप आहे.

१९९७ मध्ये नळीची पद्धत आली. स्नायू सोडवायचा नाही, एकात एक जाड होत जाणाऱ्या नळ्या घालून त्याचे तंतू बाजूला सारायचे. आणि पूर्ण दुर्बिणीच्या पद्धतीत जेमतेम आठ मिलिमीटरची चीर, पाण्याच्या धारेत पडद्यावर बघत काम. काही रुग्णांत नुसत्या जागेपुरत्या भुलेवरही भागतं.

ऐकायला तर दुर्बीणच जिंकली. रक्त कमी जातं, जखम लहान, घरी लवकर. पण पायाची कळ? २००९ साली ३२८ रुग्णांवरचा एक अभ्यास आला: नळी विरुद्ध नेहमीचं सूक्ष्मदर्शकाखालचं ऑपरेशन. वर्षानंतर चांगले बरे झालेले नळीच्या गटात ६९ टक्के, नेहमीच्या गटात ७९. ज्यांनी लहान चिरेवर सगळी भिस्त ठेवली होती त्यांना हा आकडा बोचला असणार. पुढे २०२२ मध्ये ६१३ रुग्णांच्या अभ्यासात मात्र पूर्ण दुर्बिणीची पद्धत ओपनपेक्षा कमी पडली नाही. नसेवरचा दाब नीट निघाला की नाही यावर सगळं ठरतं. कातडीवरचा व्रण त्यात दुय्यम.

दुर्बिणीतून काम शिकायला सर्जनला वेळ लागतो, आणि आत हात कुठे आहे हे पाहायला एक्स-रे जास्त घ्यावे लागतात. म्हणून टाक्यांआधी विचारायचं ते असं: डॉक्टर, या पद्धतीची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? माझा गर मधोमध आहे की बाजूला?

एका परिस्थितीत ही चर्चाच नको. लघवी अडकली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, दोन्ही पायांतला जोर गेला, तर १०८ ला फोन करून थेट कॅज्युअल्टी गाठा. इथे तासांचा हिशेब असतो आणि सर्जनला मोकळी जागा लागते, म्हणून मोठी चीर पडू शकते.

(दृश्य: वॉर्ड. एक बाई धरून चार पावलं टाकते.)

दोन्ही पद्धतींत बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. वॉर्डातला खरा प्रश्न चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा: जमिनीवर बसून आरती करता येईल का, नेवऱ्या (करंज्या) तळायला उभं राहता येईल का? उभं राहणं लवकर जमतं. वाकणं, वजन उचलणं, जमिनीवर बसणं यांना काही आठवडे रजा, आणि टाके किती यावर ती रजा कमी होत नाही. कारण कड्याला पडलेलं भोक कोणत्याही पद्धतीत सहसा शिवत नाहीत. काही रुग्णांत तिथूनच गर पुन्हा बाहेर येतो. दुसऱ्या वेळी नस जुन्या व्रणात चिकटलेली असते, आणि पहिल्यांदा नळीतून काम केलेला सर्जनही तेव्हा ओपन करायचं ठरवू शकतो.