मेडिकल काढलंय का?

(दृश्य : जिल्हा न्यायालयाचं आवार, सकाळी साडेदहा. नोटरींची टेबलं, बोर्डासमोर गर्दी.)

आज आपला नंबर कितवा, हे पक्षकार बोर्डावर पुन्हा पुन्हा बघतायत. याच गर्दीतल्या एका वकीलबाईंसोबत आपण आज आहोत. त्यांचं नाव सांगणार नाही, कारण त्यावरून त्यांच्या पक्षकारांचा माग लागू शकतो. त्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहेत. स्त्रियांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यामुळे त्यांच्या वाट्याला बहुतेक घरातल्या मारहाणीची आणि पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची, प्रकरणं येतात.

(दृश्य : उघडी बॅग.)

वकीलपत्राच्या कोऱ्या फॉर्मशेजारी रंगीत खडूंची पेटी आहे. साक्षीला आलेल्या लेकराला ताटकळावं लागतं, तेव्हा ती बाहेर निघते. हिरवा खडू झिजून बोटाच्या पेराएवढा उरलाय.

२०१२ चा पोक्सो कायदा मुलांना जपतो. साक्ष देताना मुलासमोर आरोपी येऊ नये, वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांनीच मुलाला विचारावेत, न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हावी, असं त्यात लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा पडत जातात. आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री वकीलबाईंना तोच जबाब पहिल्या ओळीपासून वाचावा लागतो. लहान मुलीचे शब्द, तिच्याच बोलीत. एकदा ऐकलं आणि विसरलं, अशी सोय या कामात नाही.

मग एका दुपारी एक बाई आल्या. पदराआड हात लपवलेला, कोपरापर्यंत काळानिळा. त्या बोलायला लागणार, तोच वकीलबाईंनी विचारलं, "मेडिकल काढलंय का?"

जखमांच्या डॉक्टरी तपासणीचा हा प्रश्न कायद्याने बरोबरच होता. पण त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. आधी त्या म्हणायच्या, "बसा, पाणी घ्या."

(दृश्य : रिकामा व्हरांडा, संध्याकाळ.)

याला सहवेदनेचा थकवा म्हणतात. माणूस वाईट होत नाही. दुसऱ्याचं दुःख रोज आत घेऊन घेऊन मन एक दिवस दार लावून घेतं. झोप उडते, चिडचिड होते, आपलं मूल शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी पोटात गोळा येतो. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फौजदारी, कौटुंबिक आणि घरगुती हिंसाचाराची कामं करणाऱ्या वकिलांची तुलना मानसोपचार आणि समाजसेवा करणाऱ्यांशी केली होती. हा त्रास वकिलांमध्ये जास्त आढळला. कामाचा बोजा आणि मनावरच्या परिणामाबद्दल बोलायला कोणी वरिष्ठ नसणं, ही कारणं त्यात पुढे आली.

दुसरं कारण आपल्याकडे फार खरं आहे. समुपदेशकाला निदान सल्ला घ्यायला कोणी असतं. वकिलाला उलटतपासणी शिकवतात, ऐकलेलं कुठे ठेवायचं ते क्वचितच कोणी सांगतं. पक्षकाराचं गुपित घरी बोलायचं नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून नवऱ्याने विचारलं की उत्तर ठरलेलं : "काही नाही, तारीख होती."

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्या पक्षकारांना चिठ्ठीवर लिहून द्यायच्या. गेल्या पावसाळ्यात त्यांनी तो स्वतःसाठी लावला.

(दृश्य : कोर्टाचं कँटीन.)

आज त्यांची ज्युनियर पोक्सोतली पहिली साक्ष ऐकून बाहेर आली आणि थेट तोंड धुवायला गेली. बाईंना स्वतःची पहिली साक्ष आठवली. "सवय होईल," एवढंच तेव्हा त्यांचे सिनियर म्हणाले होते. बाई ज्युनियरला कँटीनमध्ये घेऊन आल्या. दोन कटिंग सांगितले, फोन पालथा ठेवला.

"आत काय ऐकलंस ते नको सांगूस. तुला काय होतंय ते सांग."

"काही नाही मॅडम," ती म्हणाली. मग बराच वेळ बशीतला चहा बघत राहिली. मग बोलायला लागली.

वर बोर्ड पुढे सरकत होता. त्यांची पुढची केस अजून चार नंबर लांब होती.