खिळा आणि दोरी

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवरून चित्रांविषयी बोलायचं म्हणजे फोनवरून पुरणपोळीची चव सांगण्यासारखंच. तरी बघू या.

इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये उफिझी नावाचं प्रसिद्ध संग्रहालय आहे. तिथे चिमाबुए आणि जोत्तो या दोघांची एकाच विषयावरची चित्रं आहेत: सिंहासनावर मेरी, मांडीवर बाळ येशू. चिमाबुएचं चित्र १२८० ते १२९० च्या दरम्यानचं. मागे सोन्याचा वर्ख आणि दोन्ही बाजूंना एकावर एक रचल्यासारखे देवदूत. त्यांचे पाय नेमके कशावर टेकलेत, विचारू नका. जोत्तोचं चित्र साधारण १३१० चं. वर्ख तोच, पण इथली मेरी खरोखर बसली आहे. वस्त्राखालचे गुडघे पुढे आलेले जाणवतात, आणि मागची मंडळी पुढच्यांच्या आड अर्धी झाकली गेली आहेत.

जुन्या चित्रकारांना जमत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. त्यांना स्वर्ग दाखवायचा होता. स्वर्गात सावली कुठली पडायला? आकारही मानाप्रमाणे ठरायचा. आपल्याकडच्या कितीतरी चित्रांत देव मोठा आणि भक्त लहान असतोच की, कुणाला खटकतं?

जोत्तोनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी आला मासाच्चो. फ्लॉरेन्सच्याच सांता मारिया नोव्हेला चर्चच्या भिंतीवर त्यानं १४२७ च्या सुमारास क्रुसावरचा येशू रंगवला. वर चौकटी-चौकटींचं कमानदार छत. पाहणाऱ्याला वाटतं, भिंत फोडून आत एक खोलीच काढली आहे! युक्ती गवंड्याची आहे. क्रुसाच्या पायथ्याखाली, साधारण आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, त्यानं एक खिळा ठोकला आणि त्याला दोरी बांधून ती ओल्या गिलाव्यावर ताणून दाबली. छताच्या आत जाणाऱ्या रेघा त्या खिळ्याकडे धावतात. दोरीचे वळ गिलाव्यात अजून सापडतात. या पद्धतीला आपण यथार्थदर्शन म्हणतो. वास्तुकार ब्रुनेलेस्कीनं तिचे प्रयोग आधी केले होते, आणि आल्बेर्तीनं १४३५ मध्ये तिचे नियम लिहून काढले.

मला मात्र छतापेक्षा खालची दोन माणसं महत्त्वाची वाटतात. चित्राचा खर्च करणारं हे जोडपं खांबांच्या बाहेर गुडघे टेकून बसलं आहे. पूर्वी देणगीदार कोपऱ्यात बोटभर असायचा. इथे ते दोघे मेरीच्या बरोबरीनं, हाडामासाच्या माणसाएवढे आहेत.

उत्तरेकडे, आजच्या बेल्जियममध्ये, यान फान आइक तैलरंगांनी वेगळीच कमाल करत होता. अंड्याच्या बलकातला रंग चटकन वाळतो, तेलातला सावकाश. त्यामुळे पातळ थरावर थर देऊन लोकर, पितळ, आरसा सगळं हुबेहूब उतरवता येतं. पण तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

मासाच्चो सत्तावीस वर्षांचा होण्याच्या आसपासच वारला. पुढे वसारी या चित्रकारानं या भित्तिचित्राची तोंडभरून स्तुती लिहिली, आणि १५७० च्या सुमारास स्वतःच त्याच्यासमोर नवी वेदी उभारून ते झाकून टाकलं! १८६० च्या सुमारास ते पुन्हा उजेडात आलं.

कधी त्याचा फोटो मिळाला तर क्रुसामागे उभ्या असलेल्या परमपित्याकडे नीट पाहा. छत आपल्याला खालून दिसतं, खांबही खालून दिसतात. परमपिता मात्र समोरासमोर दिसतो, आपण त्याच्याच उंचीवर असल्यासारखा. खिळ्याचा नियम मासाच्चोनं सगळ्यांना लावला, देवाला तेवढा लावला नाही.